स्प्रिंकलर डिझाइनचा कोर्स करावा का? हिंगोलीतल्या तरुणांनी फी भरण्याआधी समजून घ्यायच्या ८ गोष्टी

९ जानेवारी २०२१. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. कक्षात १७ बाळं होती. ७ वाचली, १० दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्णांचा जीव गेला.

या घटनांनंतर राज्यभर 'फायर ऑडिट' हा शब्द घराघरांत पोहोचला. रुग्णालयं, हॉटेलं, मंगल कार्यालयं, कोचिंग क्लासेस अशा सगळ्यांना अग्निसुरक्षेबद्दल विचारणा होऊ लागली. मागणी वाढली की त्यामागून कोर्सही येतात. 'महिनाभरात फायर डिझायनर बना', 'डिप्लोमा पुरेसा, नोकरीची हमी', 'आखाती देशांत संधी' अशा जाहिराती आता मोबाईलवर सहज दिसतात.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात डिप्लोमा किंवा आयटीआय करून पुढे काय, हा प्रश्न घेऊन बसलेल्या मुलाला असा कोर्स आकर्षक वाटणं साहजिक आहे. पण या कोर्समध्ये नक्की काय शिकवायला हवं? प्रमाणपत्र मिळालं की काय करता येतं आणि काय करता येत नाही? पैसे भरण्याआधी हे समजून घेऊया.

१. स्प्रिंकलर नक्की कसा चालतो?

सिनेमात एक अलार्म वाजतो आणि अख्ख्या इमारतीत पाऊस पडू लागतो. नेहमीच्या स्प्रिंकलर यंत्रणेत असं होत नाही.

छताला दिसणाऱ्या छोट्या तोटीत काचेची एक बारीक नळी असते. तिच्यात द्रव भरलेला असतो. आगीची उष्णता वर गेली की द्रव प्रसरण पावतो, काच फुटते आणि फक्त तेवढीच तोटी उघडते. शेजारच्या तोटीची काच तापली नाही तर ती बंदच राहते. धुराने किंवा सिगारेटने ती उघडत नाही.

काचेतल्या द्रवाच्या रंगावरून ती किती तापमानाला फुटेल हे कळतं. नारिंगी ५७ अंश सेल्सिअस, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३ आणि निळा १४१.

इथे हिंगोलीचा संबंध लगेच येतो. सर्वसाधारण नियम असा की, त्या जागेत जास्तीत जास्त जेवढं तापमान होऊ शकतं त्यापेक्षा साधारण ३० अंश जास्त क्षमतेची तोटी निवडायची. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या छताखाली हवा त्याहून कितीतरी जास्त तापते. वातानुकूलित कार्यालयासाठी योग्य असलेली लाल काचेची तोटी पत्र्याच्या गोदामात चुकीची ठरू शकते. डिझायनरला पहिला निर्णय इथेच घ्यावा लागतो, आणि तो कॅटलॉग बघून घेता येत नाही. जागा बघावी लागते.

२. मग 'डिझाइन' म्हणजे काय? छतावर तोट्या काढणं?

बऱ्याच कोर्समध्ये ऑटोकॅडवर तोट्या आणि पाईप काढायला शिकवतात. ते काम डिझाइनचा शेवटचा भाग आहे. खरं डिझाइन म्हणजे पाण्याचा हिशेब.

एक उदाहरण घेऊ. एका दुकानवजा जागेसाठी दर चौरस मीटरला मिनिटाला ५ लिटर पाणी लागेल असं धरलं. एक तोटी १२ चौरस मीटर जागा सांभाळते. म्हणजे एका तोटीतून मिनिटाला ६० लिटर पाणी यायला हवं.

तोटीला स्वतःचा एक आकडा असतो, त्याला के-फॅक्टर म्हणतात. नेहमीच्या तोटीचा के-फॅक्टर ८० असतो. सूत्र सोपं आहे: पाणी म्हणजे के-फॅक्टर गुणिले दाबाचं वर्गमूळ. मिनिटाला ६० लिटर हवं असेल तर तोटीपाशी सुमारे ०.५६ बार दाब लागतो.

आता आग ३६० चौरस मीटरपर्यंत पसरेल असं धरलं, तर ३० तोट्या उघडतील. मिनिटाला १,८०० लिटर. तासभर पाणी पुरायचं असेल तर टाकीत १ लाख ८ हजार लिटर साठा हवा.

पण पंपापासून शेवटच्या तोटीपर्यंत जाताना पाईपमध्ये दाब कमी होत जातो. वर चढताना दर १० मीटरला साधारण १ बार दाब खर्च होतो, आणि घर्षणामुळे होणारी घट वेगळी. पैसे वाचवायला कोणी ५० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाईपऐवजी ४० मिलिमीटरचा टाकला, तर तेवढंच पाणी नेताना घर्षणाने होणारी घट जवळपास तिप्पट होते. बाहेरून दोन्ही यंत्रणा सारख्याच दिसतात, लाल रंगाचे पाईप, चकचकीत तोट्या. आग लागल्यावर मात्र एकीतून पाणी जोरात येतं आणि दुसरीतून नुसतं गळतं.

हा हिशेब हाताने करता येणं ही या कामाची खरी परीक्षा आहे. संगणकावर सॉफ्टवेअर असतंच. पण आकडा चुकीचा भरला तर सॉफ्टवेअर चुकीचं उत्तर तेवढ्याच आत्मविश्वासाने देतं.

३. हळदीच्या गोदामाला हाच हिशेब चालेल का?

चालणार नाही, आणि हिंगोलीत काम करू इच्छिणाऱ्याने हे आधी शिकायला हवं.

वसमत आणि हिंगोली हा हळदीचा पट्टा. 'वसमत हळदी'ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद पोत्यांत भरून थप्पी लावून ठेवली जाते. जिल्ह्यात कापसाच्या जिनिंगही आहेत. या दोन्ही ठिकाणी धोका साध्या दुकानापेक्षा वेगळा असतो.

थप्पी जितकी उंच, तितकी आग वेगाने वर चढते. तोटीखाली साधारण अर्धा मीटर मोकळी जागा नसेल तर पाणी पसरतच नाही, वरच्या पोत्यावर आदळून थांबतं. कापसाच्या गाठीत आग आतल्या आत धुमसत राहते, वरून विझल्यासारखी दिसते आणि काही तासांनी पुन्हा पेटते. हळद दळण्याच्या ठिकाणी हवेत उडणारी बारीक पूड स्फोटक ठरू शकते. तिथे नुसते स्प्रिंकलर पुरत नाहीत, धूळ साचू न देणं हा पहिला उपाय असतो.

आकड्यांत फरक किती पडतो? उंच थप्पीच्या साठ्यासाठी दर चौरस मीटरला मिनिटाला १० लिटर, २६० चौरस मीटर क्षेत्र आणि ९० मिनिटं असा हिशेब धरला, तर टाकी होते २ लाख ३४ हजार लिटरची. आधीच्या उदाहरणाच्या दुपटीहून जास्त. तोटी ९ चौरस मीटरला एक लागली तर तिच्यापाशी दाब हवा सुमारे १.२७ बार.

म्हणजे एखाद्या व्यापाऱ्याने दुकानासाठी केलेली यंत्रणा तशीच ठेवून मागच्या बाजूला पोत्यांची उंच थप्पी लावली, तर कागदावर 'स्प्रिंकलर आहेत' असं म्हणता येईल. प्रत्यक्षात त्या आगीपुढे ते अपुरे पडतील. चांगला डिझायनर मालकाला पहिला प्रश्न हाच विचारतो: इथे काय ठेवणार, आणि किती उंच?

४. पाण्याचीच टंचाई असेल तर?

मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. अशा वेळी आगीसाठी राखलेल्या लाखभर लिटर पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. 'थोडं वापरू, पावसाळ्यात भरू' असं म्हणत टाकी रिकामी होते.

यावर डिझाइनमध्येच उपाय असतो. बाहेरून येणारं पाणी आधी आगीच्या टाकीत सोडायचं आणि ती भरल्यावर वरून ओसंडणारं पाणी रोजच्या वापराच्या टाकीत जाईल अशी रचना करायची. त्यामुळे पाणी फिरतं राहतं, खराब होत नाही आणि राखीव साठ्याला कोणी हात लावू शकत नाही. कोर्समध्ये हे शिकवतात का, हे विचारून बघा. परदेशी पुस्तकातून जसंच्या तसं शिकवणारा शिक्षक बहुधा इथे अडखळेल, कारण त्याच्या उदाहरणात नळाला चोवीस तास पाणी असतं.

५. कायदा काय सांगतो? प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स का?

सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे.

महाराष्ट्रात 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' हा कायदा डिसेंबर २००८ पासून लागू आहे. इमारतीत आगीपासून संरक्षणाची यंत्रणा बसवणं आणि ती चालू स्थितीत ठेवणं ही जबाबदारी मालकाची किंवा वापरकर्त्याची आहे. हे काम लायसन्सप्राप्त एजन्सीकडूनच करून घ्यायचं असतं. यंत्रणा बसवल्यावर एजन्सी 'फॉर्म ए' देते. त्यानंतर दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी' द्यावा लागतो.

हे लायसन्स राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाकडून मिळतं. खासगी क्लासचं प्रमाणपत्र म्हणजे हे लायसन्स नाही. एक महिन्याचा कोर्स करून कोणी फॉर्म ए किंवा फॉर्म बी वर सही करू शकत नाही. 'कोर्सनंतर स्वतःचं फायर ऑडिट सुरू करा' असं कोणी सांगत असेल तर तिथेच सावध व्हा. लायसन्सप्राप्त एजन्सींची यादी संचालनालयाच्या संकेतस्थळावर बघता येते.

मग कोर्सचा उपयोग काय? तर अशा एजन्सीत किंवा सल्लागार कंपनीत ड्राफ्ट्समन, डिझाइन सहायक किंवा साइट इंजिनिअर म्हणून नोकरी मिळवायला. हे कमी नाही. पण जाहिरातीत सांगतात ते यापेक्षा बरंच जास्त असतं.

६. खरं प्रशिक्षण कुठे मिळतं?

या क्षेत्रातली देशातली सर्वांत जुनी नावाजलेली संस्था महाराष्ट्रातच आहे. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. ते १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि १९५७ मध्ये नागपूरला आलं. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत चालणाऱ्या या संस्थेत फायर इंजिनिअरिंगची पदवी घेता येते. सब ऑफिसर, स्टेशन ऑफिसर असे सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठीचे अभ्यासक्रमही तिथे होतात. बारावीत विज्ञान घेतलेल्या मुलाला या क्षेत्रात दूरपर्यंत जायचं असेल तर हा रस्ता सर्वांत भक्कम आहे. केरळमध्ये कोचीन विद्यापीठातही सेफ्टी अँड फायर इंजिनिअरिंगची पदवी आहे.

मुंबईत सांताक्रूझच्या कालिना भागात राज्याची अग्निशमन अकादमी आहे. तिथला भर प्रामुख्याने आग विझवणाऱ्या जवानांच्या आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणावर असतो.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. फायरमनचा कोर्स, औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा आणि स्प्रिंकलर डिझाइन ही तीन वेगवेगळी कामं आहेत. पहिल्यात आग विझवायला शिकवतात. दुसऱ्यात कारखान्यातले अपघात टाळायला शिकवतात. तिसऱ्यात पाईप, पंप आणि पाण्याचं गणित असतं. तिन्हींच्या नावात 'फायर' किंवा 'सेफ्टी' असतं म्हणून ती एकच समजू नका.

परदेशात या कामासाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत. अमेरिकेत नायसेट ही संस्था पाण्यावर चालणाऱ्या यंत्रणांच्या आराखड्यासाठी १ ते ४ अशा पातळ्यांवर प्रमाणपत्र देते. वरच्या पातळीसाठी परीक्षेसोबत प्रत्यक्ष कामाचा अनुभवही दाखवावा लागतो. कारण साधं आहे. पुस्तकातलं गणित आणि छतावरची अडचण यांची गाठ अनुभवाशिवाय पडत नाही.

७. मानक कोणतं शिकायचं, भारतीय की अमेरिकन?

दोन्ही, पण कशासाठी काय ते समजून.

भारतात स्प्रिंकलरसाठी आयएस १५१०५ हे मानक आहे आणि इमारतींसाठी राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ चा चौथा भाग, ज्याचा विषयच आग आणि जीवसुरक्षा आहे. कोणत्या इमारतीला काय लागतं हे तिचा वापर, उंची आणि क्षेत्रफळ यांवर ठरतं. रुग्णालयाची अपेक्षा वेगळी, गोदामाची वेगळी.

आखाती देशांतल्या प्रकल्पांवर मात्र एनएफपीए-१३ या अमेरिकन मानकाची मागणी जास्त असते. या मानकामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८९५ च्या सुमारास अमेरिकेतल्या बॉस्टन शहराच्या शंभर मैलांच्या परिसरात स्प्रिंकलरचे पाईप किती जाड असावेत याचे नऊ वेगवेगळे नियम चालत होते. कारागीर वैतागले होते, विमा कंपन्या गोंधळल्या होते. हा गोंधळ मिटवायला लोक एकत्र बसले आणि १८९६ मध्ये एनएफपीए ही संस्था जन्माला आली. सव्वाशे वर्षांपूर्वीचं ते भांडण पाईपच्या जाडीवरूनच होतं, आणि आजही यंत्रणा बहुतेकदा तिथेच फसते.

सोशल मीडियावर फारसं सांगितलं जात नाही अशी एक गोष्ट: भारतीय मानकं बीआयएसच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत डाउनलोड करता येतात. एनएफपीएची मानकंही ऑनलाइन मोफत वाचता येतात. म्हणून कोर्स 'सगळे कोड्स देतो' एवढ्यावर पैसे मागत असेल तर त्या पैशांत दुसरं काय मिळणार, ते विचारा.

८. फी भरण्याआधी कोणते प्रश्न विचारायचे?

समोरच्याला हे प्रश्न विचारा. उत्तरं लेखी मागा.

• धोक्याचं वर्गीकरण, तोट्यांमधलं अंतर, पाण्याचा हिशेब, पंप आणि टाकी, झडपा, चाचणी हे सगळं अभ्यासक्रमात आहे का? की नुसतं ड्रॉइंग आहे?

• एका पूर्ण इमारतीचा हिशेब विद्यार्थ्याकडून हाताने करून घेता का?

• पंपाचा आलेख वाचायला शिकवता का? फायर पंपाने दीडपट पाणी देतानाही ठरलेल्या दाबाच्या किमान ६५ टक्के दाब द्यावा लागतो. हे ज्याला माहीत नाही त्याने पंप निवडू नये.

• चालू साइटवर नेता का? पाईपची दाब-चाचणी प्रत्यक्ष दाखवता का?

• शिकवणाऱ्याने स्वतः किती इमारतींचं डिझाइन केलं आहे?

• 'सरकारमान्य' म्हणजे कोणत्या विभागाची मान्यता? मान्यतेचा क्रमांक काय?

• आधी शिकून गेलेल्या दोन-तीन मुलांशी बोलता येईल का?

'शंभर टक्के नोकरी' या शब्दांवर खुश होण्याऐवजी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काय मिळतं ते बघा. चांगल्या क्लासला जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर द्यायला अडचण नसते.

हिंगोलीतून सुरुवात कशी करता येईल?

हिंगोलीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, नांदेडला श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. मेकॅनिकल किंवा सिव्हिलचा डिप्लोमा करणाऱ्या मुलाने प्रवाही यांत्रिकीचा विषय घोकंपट्टीवर सोडला नसेल, तर त्याची निम्मी तयारी झालेली असते. घर्षण, दाब, पंपाचा आलेख हे सगळं त्या पुस्तकात आहे. फक्त ते परीक्षेसाठी आहे असं समजून आपण विसरून जातो.

त्यापुढचा क्रम सोपा ठेवता येतो. आधी मोफत मानक डाउनलोड करून वाचायचं. मग ओळखीच्या एखाद्या इमारतीचा, अगदी आपल्या गावातल्या गोदामाचा किंवा मंगल कार्यालयाचा, कागदावर हिशेब करून बघायचा. तिथे काय अडतं ते लिहून ठेवायचं. त्यानंतर कोर्स निवडायचा, म्हणजे प्रश्न आपले असतील आणि उत्तरं मिळाली की नाहीत हे कळेल. कोर्सनंतर एखाद्या लायसन्सप्राप्त एजन्सीत वर्ष-दोन वर्षं हाताखाली काम करायचं, पगार कमी असला तरी. साइटवर पाईप कुठे बीमला अडतो आणि कंत्राटदार कुठे व्यास कमी करू बघतो, हे तिथेच समजतं.

जिल्ह्याला अशा माणसांची गरज पडणारच आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोलीत २०२४ मध्ये १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. महाविद्यालय आलं की वॉर्ड, वसतिगृहं, प्रयोगशाळा वाढतात. हळदीची गोदामं आहेतच. या प्रत्येक ठिकाणी दर जानेवारीत आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचं लिहून द्यावं लागेल.

आणि तो कागद लिहून देणाऱ्याने पंप खरंच सुरू करून, शेवटच्या टोकाची झडप उघडून, दाबमापकाचा काटा बघितला होता का, हे कागदावरून कळत नाही. ते रात्री दोन वाजता कळतं, जेव्हा वॉर्डात रुग्ण झोपलेले असतात. ज्याला हे काम शिकायचं आहे त्याने कोर्सच्या पहिल्याच दिवशी तो काटा कसा वाचायचा हे विचारावं. शिकवणाऱ्याने वर्गातून उठून पंपापाशी नेलं, तर क्लास बरोबर निवडला असं समजावं.